अण्णाची लाकडं

अण्णा अजून श्वास घेत होता, आणि बापू वहिनीला म्हणाला, "उठा. संन्याशानं बायकोचं तोंड पाहू नये."

वहिनी उशाशी बसली होती. म्हणाली, "डोळे मिटलेत त्यांचे. पाहतात कुठे?"

तरी उठवलंच तिला. दीड महिना झाला, माझा राग उतरत नाही... उतरावा असं मला वाटतही नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. इंग्रजांच्या कचेरीत जन्मभर लोकांच्या अर्जांच्या नकला करत बसला. एकादशीला मेलकावेरी पेठेत बापूच्या भजनमठात गायचा. गळा असा, की मराठी न कळणारी तमिळ माणसंही रस्त्यात थांबत. बापू आमचा चुलतभाऊ. संन्याशाला जाळत नाहीत, पुरतात, वर वृंदावन बांधतात. मरणाच्या दारातल्या माणसाला घाईनं संन्यास देण्याचीही रीत आहे, पण ती ज्यानं मागितली त्याच्यासाठी. बापूच्या मठाला वृंदावन नव्हतं आणि त्याला ते हवं होतं. अण्णानं हे केव्हाच ओळखलं होतं. मला म्हणाला, "अंबू, पुरलं की माणूस सुटत नाही. लोक येऊन नवस बोलतात. जन्मभर अर्जच उतरवले, मेल्यावरही अर्ज? मज जाळा. राख कावेरीत सोडा."

नुसतं बोलून थांबला नाही. परसातला आंबा वादळात पडला, तो तोडवून आपल्या सरणासाठी पडवीत रचला. कार्तिकातल्या पावसात ओल लागू नये म्हणून एकेक लाकूड स्वतः उचलून आत आणायचा. वहिनीनं एकदा चुलीसाठी ढलपी मागितली, तर म्हणाला, "माझं अंथरूण आहे ते, हात लावू नको." कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

मग त्याची वाचा गेली. मुलगा गोविंदा मद्रासहून निघालेला, अजून गाडीतच होता, तेवढ्यात बापूनं अण्णावर भगवं पांघरलं. "ओठ हलले! मंत्र म्हटला!" म्हणून ओरडला. मंत्र कसला? मी चमच्यानं पाणी घालत होते, ते तो गिळत होता. तसं सांगितलं, तर मला म्हणतो, "अंबक्का, चार इयत्ता शिकून शास्त्र सांगू नकोस. अण्णा संत होता."

"संत? परवापर्यंत सारात मीठ कमी म्हणून ताट सारत होता!"

गोविंदा आला तो अग्नी द्यायला. बापूनं त्याला सांगितलं, संन्याशाला मुलगा नसतो. आणि एवढा शिकलेला मुलगा मुकाट उभा राहिला. वारस नाही म्हणून इंग्रजांनी तंजावर खालसा केलं, असं आमचा आजा सांगायचा. त्याची राजवाड्यातली चाकरी गेली, म्हणून तर आम्ही कुंभकोणला आलो. अण्णाचा वारस समोर उभा होता, तरी अण्णा खालसा झाला. खड्ड्यात बसवून वर पोत्यानं मीठ ओतलं... आता कमी पडायचं नाही.

लाकडं राहिली. वहिनी म्हणाली, "वन्सं, सरणाची लाकडं चुलीला लावत नाहीत."

मी म्हटलं, "सरण झालं कुठे?"

रोज सकाळी त्यातलं एक लावून मी कापी करते. परवा बापू वृंदावनाच्या पूजेचं बोलवायला आला, तेव्हा त्याच्यापुढे पेला ठेवला. "पी. अण्णाच्या लाकडांवरची आहे." त्यानं हात मागे घेतला.

राख मी डब्यात भरून कावेरीवर नेते. परत आले की वहिनी आतून विचारते, "सोडली?"

"सोडली."

रास अजून अर्धी आहे.