घरच्या लुगड्याची साफी

आमच्या मलकापूरच्या दवाखान्यात जनकाबाई आया होत्या. सुया उकळायचं काम त्यांच्याकडे. माझ्या मुलाला इंजेक्शन असलं की मी तीनतीनदा विचारायची, "नक्की उकळली ना?" त्या म्हणायच्या, "बाई, आता सुई शिजून जाईन!"

एकसष्ट-बासष्टची गोष्ट. त्यांचा मुलगा इंद्रभान कापसाच्या जिनात हमाल होता. सुटी झाली की पाच-सहा हमाल जिनामागे बसून गांजा ओढत. चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं ओलं फडकं म्हणजे साफी. तिला तोंड लावून झुरका घ्यायचा, आणि साफीसकट चिलीम शेजाऱ्याच्या हातात. त्यातल्या निवृत्तीला क्षय निघाला आणि जनकाबाई माझ्याकडे आल्या.

"गांजा सोड म्हणू म्हणू थकली मी," त्या मला म्हणाल्या. "आता साफी तरी येगळी करून देते पोराले."

एकट्या पोराला दिली तर बाकीचे चिडवतील, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच पांढऱ्या साफ्या कापून दिल्या. चार दिवसांनी पाहायला गेल्या, तर गडी एकमेकांना आग्रह करताहेत.

"घे ना बे, मही घे! मही जास्त थंडी हाय!"

आपली साफी पुढे केली नाही तर समोरच्याचा अपमान, अशी त्यांची रीत.

जनकाबाई तशाच फिरल्या. घरोघर जाऊन हमालांच्या बायकांकडून जुन्या लुगड्याचा एकेक तुकडा मागून आणला आणि दुसऱ्या दिवशी जिनामागे नावं घेऊन वाटला.

"जानराव, हे तुह्या घरचं हिरवं. उकंडराव, हे तुह्या घरचं. इंद्रभान, हे सिंधूचं. करा आता आग्रह!"

सगळ्यांनी आपापला तुकडा मुठीत धरला. दुसऱ्याच्या बायकोचं लुगडं तोंडाला कोण लावणार?

"अन् मले वं, माय?" निवृत्तीनं विचारलं. त्याला बायको नव्हती.

जनकाबाईंनी स्वतःच्या पदराचा काठ टर्रकन फाडला. "हे मायचं. कोणाले देशीन तर पाय तोडीन. अन् उद्यापासून रोज सुई घ्याले येजो. लय दिवस चुकवली."

निवृत्ती रोज येऊ लागला. पुढच्या महिन्यात त्यांनी इंद्रभानला एसटीत बसवून छातीचा फोटो काढायला बुलढाण्याला नेलं. परत आल्या त्या थेट माझ्या दारात. फोटो उन्हात धरून म्हणाल्या, "पाहा बाई, एक डाग नाही!" मग शेजारी, मग पलीकडच्या आळीत.

मागून सून सिंधू चालली होती. ती मला हळूच म्हणाली, "आमच्या लग्नाचा फोटो बी आत्याबाईनं एवढा नव्हता फिरवला."