मिरच्या भुंजी ऱ्हायनू

कळसाडीच्या सुंदरबाई कॅनडाला मुलाकडे निघाल्या, तेव्हा बॅगेत चार साड्या आणि नंदुरबारच्या बाजारातल्या दोन किलो लाल मिरच्या होत्या. भाग्येशने फोनवर दहादा बजावलं होतं, "माय, आठे समदं भेटस!" पण सुंदरबाईंना दुकानातली पुडी चालत नव्हती.

तिसऱ्याच दिवशी त्यांनी मसाला करायला घेतला. भाग्येश आणि सून काजल कामावर, बाहेर बर्फ, खिडक्या बंद. तव्यावर मिरच्या तडतडल्या आणि छताला लावलेला धुराचा डबा किंचाळायला लागला. धूर जावा म्हणून त्यांनी दार उघडलं, तर अख्ख्या इमारतीचाच भोंगा सुरू झाला. माणसं घरातल्या सपाता घालून बर्फात उभी राहिली. बंबवाला हेल्मेट घालून वर आला. सुंदरबाई हात जोडून म्हणाल्या, "काई नई भाऊ, मिरच्या भुंजी ऱ्हायनू!"

हे ऐकलं शेजारच्या रमा मॅडमनी. मॅडम स्वतःला मूळच्या पुण्याच्या म्हणवत. तिथल्या मराठी मंडळात त्यांचा शब्द चाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी पदर खोचून नक्कल केली, "काई नई भाऊ, मिरच्या भुंजी ऱ्हायनू!" बायका पोट धरून हसल्या. शिवजयंतीला तेच. काजल मान खाली घालून बसायची. एकदा घरी आल्यावर म्हणाली, "आई, बाहेर जरा पुस्तकातलं बोलत जा ना."

सुंदरबाईंनी बोलणंच सोडलं. कळसाडीत जिच्या तोंडाला कुणी लागत नसे, ती बाई मंदिरात देवापुढेसुद्धा ओठ मिटून उभी राहू लागली.

पाडव्याला मॅडमनी पुन्हा पदर खोचला. या वेळी सुंदरबाईंनी नीट कान दिला. तो 'ऱ्हायनू' शिकलेला नव्हता. तो आईच्या मांडीवर ऐकलेला होता. पुण्याच्या बाईला तो जमेलच कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावून त्या म्हणाल्या, "कानबाई माय, पाप व्हई ते मन्हा माथे. पन मी करसूच."

मंडळाच्या पुढच्या जेवणाची शेवभाजी त्यांनी अंगावर घेतली. अन्नात काही वाईटवंगाळ मिसळलं नाही. ते त्यांच्या हातून झालंच नसतं. घरी करतात तशीच केली. फक्त वाढताना सगळ्यांना पळी तळातून घातली आणि मॅडमच्या वाटीत वरची लालभडक तर्री.

"आम्ही पुण्यात तिखट खातोच हं, आजी," मॅडम म्हणाल्या आणि वाटी तोंडाला लावली.

पहिला घोट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला डोळे पांढरे झाले.

"व माय वं! मन्हं तोंड बयनं वं! पानी आन, पानी!"

सगळे हात ताटावरच थांबले. सुंदरबाई ग्लास घेऊन तयारच होत्या. तीन महिन्यांनी त्यांनी चारचौघांत तोंड उघडलं.

"कोनता गावनी व तू, बहिन?"

"पानी..."

"आधी गाव सांग."

मॅडमच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "पुरुषोत्तमनगर."

"आसं! कारखानावरनी का? मन्हा ऊस तठेच जास. आनि नाव?"

"रमिला. चुनीलाल पाटीलनी पोर."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. सगळ्यांत मोठ्याने काजल. सुंदरबाई हसल्या नाहीत. त्यांनी ग्लास पुढे केला. रमिलाबाईंनी तो एका दमात रिकामा केला, पण तो भरलेला होता अर्धाच.

"आखो दे वं, माय..."

सुंदरबाईंनी तांब्या पाठीमागे धरला. "देसू ना. पन आधी सांग, त्या दिन मी काय करी ऱ्हायंतू?"

रमिलाबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. या वेळी पदर खोचला नाही, हातवारे नाहीत.

"मिरच्या," त्या हुंदका देत म्हणाल्या, "भुंजी ऱ्हायंती तू."

"मंग?" म्हणत सुंदरबाईंनी ग्लास काठोकाठ भरला.