आडवे शब्द त्यांचे, उभे माझे

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून ह्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "काका, हे काय आहे?" हे बराच वेळ पेनाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बस." मग घड्याळ दाखवलं, तेही बस. चष्मा, चावी, माझ्या हातातली बांगडी, सगळंच बस. आपलं काहीतरी चुकतंय हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरांनी मला आणि आमच्या सविताला बाहेर बोलावलं. सविता म्हणजे माझी लेक, नांदेडहून धावत आलेली. एमआरआय झाला होता. एमआरआय म्हणजे मोठ्या नळीत झोपवून काढलेला मेंदूचा आतला फोटो. "ब्रेन स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या डाव्या भागात रक्त पोचलं नाही. उजवा हात हळूहळू सुधारेल. बोलण्याचं आत्ताच सांगता येणार नाही. ह्याला अफेजिया म्हणतात." ह्यांच्यापुरता त्याचा अर्थ असा, की माणसाला समोरची वस्तू ओळखू येते, तिचा उपयोग माहीत असतो, पण नाव सापडत नाही.

मला आधी हसू आलं आणि मग रडू. ज्या माणसाने जन्मभर शब्दकोडी सोडवली, त्याचेच शब्द हरवावेत!

त्या दिवशी सकाळी आम्ही कोडंच सोडवत होतो. ह्यांनी चौकोनांत नुसत्या वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. मला वाटलं, थट्टा करून राहिले. वर बघितलं तर ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. तशीच रिक्षा बोलावली आणि लातूरच्या दवाखान्यात आणलं. तुमच्या घरी असं झालं तर चहा पाजत, अंग चोळत बसू नका, लगेच निघा. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत म्हणून एवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले शेजारी भेटायला आले. दारातूनच म्हणाले, "जय भीम, सुदामराव!" आणि हे खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम!" सविताने आनंदाने मला मिठीच मारली. मग जो येईल तो जय भीम घालायचा, हे जय भीम करायचे, आणि माणूस "काही झालं न्हाई, लई चांगलं बोलून राहिले" असं म्हणत समाधानाने जायचा. मीही सगळ्यांना फोनवर तेच सांगितलं. कुणीतरी पेढेसुद्धा आणले.

डॉक्टरांनी पेढा घेतला आणि मग समजावलं. "मावशी, नमस्कार, आकडे, प्रार्थना हे लहानपणापासून इतकं घोटलेलं असतं की विचार न करता तोंडातून येतं. बुद्धवंदना सुरू केलीत तर काका तीही म्हणतील. पण पाणी हवं असेल तेव्हा 'पाणी' म्हणता यायला हवं. ते यायला वेळ लागेल." त्या दिवशी ह्यांनी वंदना अडखळल्याशिवाय म्हटली आणि तांब्याकडे बोट दाखवून "बस" म्हणाले. उरलेले पेढे मी पिशवीत टाकले. आता हा माणूस मला परत मिळणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी जुने दिवस आठवत राहायचे. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमचंही नुकतंच लग्न झालं होतं. हे कंधारचे, मी शिरूर अनंतपाळची. ह्यांना नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. कचेरीत माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. जिल्ह्याला साहेब मिळाले होते, पाणी मात्र मिळालं नव्हतं. पाऊस रुसलेला, नळ कोरडे, गल्लीत टँकर यायचा. कधी यायचा ते त्या ड्रायव्हरलाच ठाऊक!

सुट्टीच्या दिवशी आम्ही घागरी रांगेत लावायचो आणि लिंबाच्या सावलीत बसायचो. कचेरीतला आदल्या दिवशीचा पेपर हे घडी घालून घरी आणायचे, कारण त्यातलं शब्दकोडं कुणी सोडवत नसे. पेन्सिल एक आणि सोडवणारे दोघे, म्हणजे भांडण ठरलेलं. माझ्या जिभेला हाड नाही. हे ओळ वाचायच्या आत मी उत्तर ओरडायची. शेवटी ह्यांनी कायदा केला, आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. दुसऱ्याच्या चौकोनाला हात लावायचा नाही. तरी भांडण व्हायचंच. "तुझं उभं चुकलं की माझं आडवं मरतंय," हे कुरकुरायचे. मग रांगेतल्या बायाही ओढल्या जायच्या. "काय वहिनी, आज किती राह्यलं?" एकदा आम्ही नदीचं नाव आठवत बसलो आणि टँकर येऊन रिकामासुद्धा झाला. रिकाम्या घागरी घेऊन घरी निघालो आणि वाटेत ह्यांना ते नाव आठवलं. इतके हसलो की तहान विसरलो. तसली तहानही आता गोड वाटते.

दवाखान्यातून सुटल्यावर स्पीच थेरपी सुरू झाली. स्पीच थेरपी म्हणजे बोलण्याचा व्यायाम. तिथल्या मॅडमना मी कोड्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी सोपी कोडी घ्या. पण एक करा काकू. शब्द तुम्ही सांगू नका. थांबा." हे औषध ह्यांच्यापेक्षा मलाच कडू होतं. समोरचा माणूस घामाघूम होऊन एक शब्द शोधतोय, तो शब्द माझ्या ओठांवर आहे, आणि मी गप्प बसायचं! मी बसले नाही. हे चाचरले की मी सांगून टाकायची, वर त्यांचे चौकोनही भरायची. कोडं रोज पूर्ण व्हायचं आणि हे दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

एक दिवस ओळ होती, 'विहिरीचे पाणी बैलांकडून उपसण्याचे साधन', दोन अक्षरी. माझ्या उभ्या मोगऱ्यामुळे 'मो' आधीच आलेला. ह्यांनी डाव्या हाताने हवेत दोर ओढून दाखवला, बैलाला हाकलल्यासारखं केलं, पण शब्द काही येईना. माझ्याने राहवेना. मी पेन्सिल उचलली. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"माझं," ते म्हणाले.

ह्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"आडवं... माझं हाय."

नमस्कार नव्हता तो, वंदनाही नव्हती. मनातून ठरवून बोललेलं पहिलं वाक्य होतं, आणि तेही माझ्यावर चिडून! मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली, पदराने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन सविताला फोन लावला. "तुझे बाबा माझ्याशी भांडले गं," एवढंच मला सांगता आलं.

तो चौकोन त्या दिवशी रिकामाच राहिला. दोन दिवसांनी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून हे एकदम ओरडले, "मोट!" मी ताटावरून उठले, तो पेपर शोधून आणला, आणि त्यांनी डाव्या हाताने वाकडा 'ट' लिहिला. कोड्याचं उत्तर केव्हाच छापून आलं होतं. आम्ही ते बघितलं नाही.

आता बरेच शब्द आलेत. काही येणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे आणि आम्हीही मानलं आहे. अर्धी कोडी अर्धीच राहतात. पूर्वी एक चौकोन रिकामा राहिला तर मला जेवण जात नसे. आता जातं. तुमच्या घरचं कुणी असं शब्द शोधत असेल, तर त्याच्या तोंडात शब्द कोंबू नका. थोडं बसा. बसायला फार जड जातं, ते मला माहीत आहे.

परवा रद्दीवाल्याने दारात हाक दिली. कोपऱ्यातली अर्ध्या कोड्यांच्या पेपरांची थप्पी त्याला दिसत होती.

"मावशी, लई साठलीय. देऊन टाका की."

"न्हाई रे बाबा," मी म्हणाले, "त्यातले शब्द अजून यायचेत."