किडनीची मालकीण ओट्यावर

शहाद्यात माणूस आजारी पडला की गाव भेटायला लोटतं. जो येत नाही त्याच्याशी बोलणं बंद होतं, आणि आलेल्याला आजारी माणूस दाखवला नाही तर सोयरीक तुटते. थोरल्या बहिणीची, अक्काची, किडनी बसवून मी सुरतेहून परतलो तेव्हा दारात इतक्या जीपा, की पोलिसांना वाटलं उसाच्या भावासाठी मोर्चा निघालाय.

काही महिन्यांनी मला ताप भरला. असा, की कपाळावर टाकलेल्या भाकरीला पापुद्रा सुटला असता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात एक विषाणू सापडला. म्हणाले, हा बहुतेकांच्या अंगात गुपचूप झोपून असतो. नवी किडनी शरीराने हाकलू नये म्हणून तुमची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलीय, म्हणून हा उठून बसला. आता त्याच्यावर औषध, आणि त्या गोळ्या जरा कमी. फार कमी केल्या तर शरीर किडनीवरच उलटेल. आणि रिपोर्ट नीट येईपर्यंत माणसं जवळ नकोत.

हे गावाला सांगायचं कुणी? बायको म्हणाली, "मी नाही. मला इथेच राहायचंय."

ताप ऐकून तिच्या गावाहून आलेल्या अक्काने आतल्या खोलीचं दार लावलं, ओट्यावर खाट टाकली आणि बसली. मी खिडकीतून ऐकत होतो. पहिला आला मावसभाऊ.

"अक्का, भाऊ कसा शे? जरा तोंड तं देखू दे."

"तोंड जुनंच शे, ते काय देखस? नवी शे ती किडनी, आनि ती मन्ही शे. हालहवाल मले इचार."

तो गोंधळला. "बरं, मंग तुन्ही किडनी कशी शे?"

"तिले आराम लागस. बस, चहा पे."

मग रीतच पडली. माणसं अक्कासमोर बसत, किडनीची चौकशी करत आणि पपया, केळीचे घड ठेवून समाधानाने जात. एवढी केळी साचली की दोन व्यापारी भाव विचारून गेले. एक म्हातारी अक्काच्याच पाठीवर हात फिरवून रडली. अशी दरबार भरवणारी अक्का संध्याकाळी मात्र दाराच्या फटीशी यायची. "लघवी व्हयनी का रे?" मी हो म्हटलं की तिचा सुस्कारा पार बसस्टँडपर्यंत ऐकू जायचा.

शेवटी रिपोर्ट आला. विषाणू पुन्हा झोपी गेला होता, किडनी शाबूत होती. डॉक्टरांनी माणसांनाही परवानगी दिली. अक्काने दार सताड उघडलं. "जा, आते देखा त्याले."

कुणी उठेना. "आम्हनं भेटनं व्हई गयं," मावसभाऊ म्हणाला आणि कप पुढे केला.

अक्का आता तिच्या गावी असते. ओट्यावर दुपारभर कुत्रं झोपतं, आणि मला तो गलका आठवत राहतो. रिपोर्ट आला त्या दिवशी सगळे गेल्यावर ती आत आली, माझ्या पोटावर, किडनी बसवली त्या जागी, तळहात ठेवला आणि दिवेलागणीपर्यंत बसून राहिली.