गाडीत बसलेली बाई

माझ्या कुडीची फिरकी कुठेतरी पडली होती, म्हणून मी त्या दुपारी मुलुंड स्टेशनजवळच्या सोनाराकडे गेले. लग्न होऊन मालवणहून मुंबईला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नवरा भांडुपला, आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात होता आणि त्या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट होती. तो जेवून निघाला की घर माझ्या अंगावर यायचं. आमची बिल्डिंग नवीन, निम्मे ब्लॉक कुलपात. बाकीच्यांतल्या बायका नोकरीवर. कधी कधी मी एखादं वाक्य मोठ्यानं बोलून बघायची, आवाज बसला तर नाही ना म्हणून. तेव्हा खरं सांगायचं तर फिरकी हे निमित्त होतं. कुणाशी तरी चार शब्द बोलायला मिळतील म्हणून गेले.

दुपारच्या सुट्टीनंतर दुकान नुकतंच उघडलं होतं. गल्ल्याशी म्हातारे मालक एकटेच. ते भिंग लावून माझी कुडी बघत होते, तेवढ्यात दोघं आत आले. एक पन्नाशीकडे झुकलेला, चौकड्यांचा शर्ट घातलेला. दुसरा तिशीतला, किडकिडीत. थोरल्यानं पिस्तूल काढलं, धाकट्यानं सुरा. मी ओरडलेसुद्धा नाही. हे आपल्यासमोर चाललंय हेच मला पटत नव्हतं.

मालकांचा मुलगा आतल्या खोलीत होता, हे त्या दोघांना माहीत नव्हतं. त्यानं मागच्या खिडकीतून "चोर, चोर" अशी बोंब ठोकली आणि क्षणात रस्त्यावर माणसं जमायला लागली. थोरला गोंधळला. एक डबीही न उचलता त्यानं मालकांच्या कॉलरला धरलं, धाकट्यानं माझ्या दंडाला, आणि आम्हाला ढालीसारखं पुढं धरून ते बाहेर आले. समोर त्यांची फियाट उभी होती. मागचं दार उघडलं आणि मी आत बसले. ढकलावं लागलं नाही. सुरा पाठीला लागलेला असताना माणूस काय करणार? पण बघणाऱ्यांना सुरा दिसला नव्हता. त्यांना दिसली ती गाडीत बसलेली बाई.

गाडी आग्रा रोडला लागली. भांडुपला माझ्या नवऱ्याच्या कारखान्याचं फाटक आलं. बाहेर दोन कामगार विडी ओढत उभे होते, वॉचमन स्टुलावर डुलक्या काढत होता. मी काचेतून त्या फाटकाकडे बघत राहिले आणि ते मागं गेलं. आत तो मशीनवर उभा असणार, आणि मी पन्नास पावलांवरून चालले होते.

पवईच्या पुढं गाडीच्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. टेकाडावर एक अर्धवट बांधकाम होतं, काम बंद पडलेलं. आम्हाला तिथं नेऊन एका खोलीत बसवलं. भिंती होत्या, दारं-खिडक्या नव्हत्या. थोरला म्हणाला, "मैं दुसरी गाडी लेके आता है. तू इनको संभाल. आवाज नहीं मंगता." आणि पिस्तूल कमरेला खोचून उतरणीवरून निघून गेला.

मग काहीच झालं नाही. आजही ती दुपार आठवली की आधी आठवते ती शांतता. मालक भिंतीला टेकून बसले होते, तोंड कोरडं पडलेलं, ओठ पांढरे. धाकटा दाराच्या चौकोनात उकिडवा बसून रस्त्याकडे बघत होता. हातातला सुरा हळूहळू गुडघ्यावर आला, मग जमिनीवर. उन्हं कलायला लागली तसा तो स्वतःशीच मालवणीत पुटपुटला, "ह्यो येवचो नाय आता."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमी खंयचे?"

त्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं. "गप ऱ्हव," म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

मी म्हटलं, "ह्येंका पाणी होया. म्हातारो माणूस आसा."

तो उठला, बांधकामाच्या टाकीतून डबाभर पाणी घेऊन आला. मालकांच्या तोंडाशी त्यानंच डबा धरला. पाणी पोटात गेल्यावर मालकांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

पुन्हा जाग्यावर बसल्यावर त्यानं मला विचारलं, "तुका कोण सोधतला? घरात कोण आसा?"

"घोव. सेकंड शिफ्टाक गेलोहा. रातीक येतलो."

"तवसर कोणाक कळाचा नाय?"

मी आठवून पाहिलं. दूध सकाळीच येऊन गेलं होतं. शेजारणीशी माझं जाता-येता हसण्यापलीकडे काही नव्हतं. गावाला आईला वाटत असेल, मी आता दिवाबत्ती करत असेन. "नाय," मी म्हटलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. सुऱ्यानं आलं नव्हतं, ते ह्यानं आलं.

तो म्हणाला, "माझा पण तसाच." गिरणीत होता. संप लागला तेव्हा बायको-पोरांना गावी पाठवलेलं. हा खोलीवर एकटा, मग खोलीही गेली. थोरल्याची ओळख कुठं झाली ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, की नुसतं बाहेर उभं राहायचं आहे असं त्याला सांगितलं होतं. खरं-खोटं देव जाणे. मी त्याच्यावर विश्वास ठेवला असंही नाही आणि नाही ठेवला असंही नाही. इतक्या महिन्यांत माझ्या भाषेत माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. नवराही नाही, मुंबईत राहून त्यानं मालवणी सोडली होती.

सूर्य टेकाडामागं गेला तेव्हा तो उठला आणि बाजूला झाला. "जावा," म्हणाला. आम्ही हललो नाही. "जावा म्हणतंय मां!" तो ओरडला. मी मालकांना हाताला धरून उठवलं. खाली रस्त्यापर्यंत आलो तरी मागून पावलं ऐकू आली नाहीत. चालताना मालकांनी मला माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तबेल्यात गवत टाकून परतणारा एक टेम्पो थांबला आणि त्यानं आम्हाला पोलिसांपर्यंत पोचवलं.

मुलुंडच्या पोलीस स्टेशनात मालकांची तिन्ही मुलं, सुना, दुकानदार, सगळी गर्दी होती. मुलं त्यांना मिठी मारून रडली. मी जवळच उभी होते. एका हवालदारानं मला पलीकडच्या बाकावर बसायला सांगितलं आणि माझ्याशेजारी एक बाई शिपाई आणून बसवली.

साहेबांनी विचारलं, "गाडीत आपणहून बसलात म्हणे?"

मला प्रश्न कळेना. मग कळलं. समोरच्या पानवाल्यानं सांगितलं होतं, की त्यांच्यात एक बाईपण होती. आधी दुकानात येऊन बसली, मग गाडीत चढली. संध्याकाळभर पोलीस मला सोडवायला नाही, पकडायला शोधत होते.

मालक मध्येच कौतुकानं म्हणाले, "अहो, ही त्याच्याशी मालवणीत बोलली, म्हणून तर सुटलो आम्ही." साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "तुमच्या गावचा आहे?"

"नाही. म्हणजे, त्या बाजूचा आहे."

"त्या बाजूचा," साहेब म्हणाले आणि ते लिहून घेतलं.

तेव्हा मालकांच्या लक्षात आलं. मुलगा खांद्याला धरून बसवत होता, तरी ते उठले. "साहेब, माझा जीव पाणी पाणी करत होता, हिनं मला पाणी मिळवून दिलं. हिच्यावर संशय घ्यायचा असेल तर मलाही इथंच बसवा. हिला सोडल्याशिवाय मी घरी जाणार नाही." आणि ते माझ्या बाकावर येऊन बसले. कारखान्यात फोन करून नवऱ्याला बोलावून घेतलं, तो येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

नवरा मला रिक्षानं घेऊन आला. बिल्डिंगच्या जिन्यात म्हणाला, "त्याच्याशी मालवणीत कशाला बोलायला गेलीस?" घरात आल्यावर त्यानं विचारलं, "त्यानं काही केलं तर नाही ना?" मी नाही म्हटलं. पुढच्या काही दिवसांत त्यानं ते पुन्हा पुन्हा विचारलं. मग विचारणं थांबलं, पण प्रश्न थांबला नाही. बिल्डिंगमधल्या बायका आता माझ्याशी थांबून बोलायच्या, चौकशी करायच्या, आणि सगळ्यांची नजर त्याच एका गोष्टीवर येऊन थांबायची. मला बोलायला माणसं हवी होती. मिळाली ती अशी.

धाकटा खारदांड्याला एका ओळखीच्याकडे लपलेला सापडला. थोरला कधीच मिळाला नाही. खटला उभा राहिला तेव्हा मला साक्षीला बोलावलं. नवरा म्हणत होता, काही आठवत नाही असं सांगून मोकळी हो. मी जे झालं ते सांगितलं. सुरा लावला हे सांगितलं, पाणी दिलं हे सांगितलं, सोडून दिलं हेही सांगितलं. तो पिंजऱ्यात खाली मान घालून उभा होता. एकदाही त्यानं वर पाहिलं नाही.

साक्ष संपल्यावर मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. नवरा चहा आणायला गेला होता. एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी, येऊन माझ्याशेजारी बसली. पिशवी मांडीवर घेऊन हलकेच म्हणाली, "मी तेची आवस." मग त्याच्या आईनं मला विचारलं, "तेणां तुका काय केल्यान नाय मां?"

"नाय," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिचं विचारून झालं होतं. मग पिशवीतून जत्रेतल्या खटखट्या लाडवांचा पुडा काढून तिनं माझ्या ओंजळीत ठेवला आणि आमच्याकडच्या जत्रेचं काहीबाही सांगत बसली. पाऊस कसा झाला, बोटीचं भाडं किती वाढलं. मीही सांगत होते. नवरा चहाचे ग्लास घेऊन आला आणि आम्हाला बघून लांबच उभा राहिला.

धाकट्याला शिक्षा झाली, माझ्या साक्षीमुळे थोडी कमी झाली असं मालकांनी मला नंतर सांगितलं. म्हातारी पुन्हा कधी दिसली नाही. लाडू मी घरी आणले होते. नवऱ्यानं त्यांना हात लावला नाही. तो शिफ्टला गेला की मी खिडकीत बसून एकेक खायची.