उडणाऱ्या शेळीला आबांची हरकत

सहादू केदारे म्हणजे आमच्या कॉलनीचे आबा. त्यांच्यासमोर कुणी सहज जरी म्हटलं की आज चमत्कारच झाला, नळाला दोन तास पाणी आलं, तरी ते चालता चालता थांबत आणि सांगत की चमत्कार वगैरे काही नाही, पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह बंद करायला विसरला. मनमाडच्या रेल्वे मालगोदामात त्यांनी चौतीस वर्षं क्लार्की केली. आलेला प्रत्येक नग उलटापालटा करून बघायचा आणि शंका आली की बाजूला काढायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. नाशिकला उपनगरात मुलाकडे राहायला आले आणि दुसऱ्याच महिन्यात कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे गेली. वाचनालय म्हणजे तीन लोखंडी कपाटं, एक मोठी सतरंजी आणि एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त.

कपाटांत काय असावं याबद्दल आबांचा नियम कडक होता. चरित्रं चालतील, विज्ञान चालेल, कायदा चालेल. भूत, राक्षस, परी आणि जादू ही मंडळी दाराबाहेर. कॉलनीत याला सगळे हट्ट म्हणत, मीही म्हणायचे. पण त्या हट्टाचं मूळ मला माहीत होतं, म्हणून म्हणताना आवाज जरा खाली ठेवायचे. आबा आठ वर्षांचे असताना त्यांची थोरली बहीण गोजरा काविळीने गेली. ती अकरा वर्षांची होती. रेल्वेचा दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर होता, पण घरच्यांनी तिला नेलं भगताकडे. तीन दिवस अंगारा लावला, लिंबू उतरवले, आणि चौथ्या दिवशी पोर गेली. आबांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही पावती फाडून द्यावी तशा सरळ आवाजात. मला मात्र घरी येऊन रडू आलं.

मी लता निकम, जवळच्या शाळेत क्लार्क, आणि रविवारी वाचनालयात आबांच्या मदतीला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथे एका वाचनालयात दोन क्लार्क होते. त्यातून माझा सनी पुण्याला नोकरीला लागला आणि मागे पुस्तकांच्या दोन पेट्या सोडून गेला. चव्वेचाळीस पुस्तकं, आणि सगळी जादूची. एकात शेळी चंद्र गिळते आणि उजेडाने हलकी होऊन उडायला लागते. एकात पाण्याच्या टाकीच्या तळाशी दार असतं आणि दारापलीकडे मासे शाळा चालवतात. एकात एक शिंपी ढगांना अस्तर लावून देतो. पाठ्यपुस्तक उघडलं की जांभया देणारा माझा मुलगा ही पुस्तकं घास तोंडात तसाच ठेवून वाचायचा. रद्दीत घालायला हात धजेना, म्हणून एका रविवारी पेट्या रिक्षात टाकल्या आणि विहारात आणल्या.

आबांनी एक पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि चष्मा काढला. म्हणाले, लताबाई, हे विहार आहे. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, आपल्या नाशिकच्याच त्रिरश्मी डोंगरावरच्या बौद्ध लेण्यात खाली दगडात धिप्पाड माणसं कोरली आहेत, अख्खं लेणं खांद्यावर पेलणारी. तिथे भिक्खू राहत होते, त्यांना ते चाललं, मग तुमचं काय बिघडतं? आबा म्हणाले, ते कोरलेलं आहे, खरं आहे असं कुणी म्हटलेलं नाही. मी म्हटलं, मग हे छापलेलं आहे. माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. प्रत्येक पुस्तक आधी ते स्वतः वाचतील, आणि जिथे जिथे अशक्य काही घडेल तिथे समासात लाल पेनाने शेरा मारतील. म्हणजे मुलांची दिशाभूल होणार नाही.

आणि त्यांनी खरोखर वाचली, दीड महिन्यात चव्वेचाळीस. शेळीच्या पुस्तकात लिहिलं, "शेळी उडू शकत नाही. वजन सरासरी तीस किलो." टाकीच्या पुस्तकात, "तळाशी दार उघडल्यास टाकी रिकामी होईल व रहिवाशांची गैरसोय होईल." शिंप्याच्या पुस्तकात, "ढग म्हणजे पाण्याचे थेंब. टाका धरत नाहीत." प्रत्येक शेऱ्याखाली सही आणि तारीख.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पुस्तकांवर मुलांच्या उड्या पडल्या. वाचनालयाचं दार कुठे आहे हेही ज्यांना माहीत नव्हतं, ती पोरं रविवारची वंदना संपते न संपते तोच कपाटापाशी धक्काबुक्की करू लागली. आबा खूश होते. मुलांना विवेकाची गोडी लागली, असं ते येईल त्याला सांगत. महिनाभर त्यांच्या चालण्यात वेगळाच रुबाब होता.

मग एका रविवारी त्यांनी परत आलेलं शेळीचं पुस्तक चाळलं. त्यांच्या शेऱ्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "आबा, चंद्र पोटात गेल्यावर वजन कमी होतं. पान १२ परत वाचा." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "आबांना शेळीवर बसवून आणा." टाकीच्या पुस्तकात तर चांगला वाद रंगला होता, की दार आत उघडतं की बाहेर, आणि बाहेर उघडत असेल तर आबांचं म्हणणं बरोबर, नाहीतर चूक. मुलं वाचत होती ती गोष्टीसाठी आणि आबांशी भांडण्यासाठी.

मी पोट धरून हसले. हसायला नको होतं. आबांचा चेहरा खरकन उतरला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "लताबाई, माझी बहीण असल्याच गोष्टींनी मेली."

त्याच दिवशी त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि पुढच्या रविवारी पेट्या घेऊन जायला सांगितलं. मी आठवडाभर समजावून पाहिलं, पण व्यर्थ. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मुलांच्या हातची पुस्तकं जाणार होतीच, शिवाय आबांच्या नजरेत मी त्या भगताच्या रांगेत जाऊन बसले होते.

पेन्सिलीचा तो पहिला शेरा, पान बाराचा, सृष्टी पगारेचा होता. अकरा वर्षांची, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, वादात वकिलाला पाणी पाजेल अशी. तिचा धाकटा भाऊ आयुष सात वर्षांचा. त्याच आठवड्यात त्यांच्या घरी वेगळंच सुरू होतं. आयुष जेवता जेवता एकदम थिजायचा. डोळे एका जागी लागायचे, ओठ हलायचे, आणि मिनिटभराने काही झालंच नाही असा पुढचा घास घ्यायचा. नांदगावकडच्या खेड्यातून त्यांची आजी नवसाबाई आली होती. तिने हे दोनदा पाहिलं आणि निकाल दिला, पोराला बाहेरचं लागलंय, अमावास्येच्या आत गावच्या भगताकडे न्यायचं. आयुषचे वडील अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, आई पदवीधर. पण पोटचं पोर डोळ्यांसमोर असं दगड होऊन बसलं की शिक्षण कुठल्या कुठे पळतं. दोघं कबूल झाले, बॅगही भरली.

हे सगळं मला कळलं ते रविवारी. रिक्षा दारात उभी होती, आबा सुतळीने पेट्या बांधत होते, आणि नवसाबाई पदर खोचून विहारात शिरली.

"पुस्तकं वाटणारे तुमीच का?" तिने आबांना विचारलं. आबांनी मान हलवली. "मंग ऐका. तुमच्या पुस्तकांनी आमची पोरगी पार हाताबाहेर गेली."

झालं होतं ते असं. आजीने भगताचं नाव काढल्यापासून सृष्टी तिच्या मागे हात धुऊन लागली होती. भूत राहतं कुठे? दिवसा काय करतं? आयुषलाच का धरलं, मला का नाही? लिंबाला भितं, मग संत्र्याला का नाही? आजी बिचारी एकेक उत्तर देत गेली, आणि तिसरं उत्तर पहिल्याला खोटं पाडायला लागलं. तेव्हा सृष्टी काय म्हणाली, ते नवसाबाईने नातीचाच आवाज काढून सांगितलं.

"मला म्हनती, आजी, पुस्तकातल्या राक्षसाला बी नियम असतात. तुझ्या भुताला एक बी नाय. हे कुनीतरी घाईघाईत रचलंय, आन् धड रचलेलं बी नाय."

हे ऐकून सृष्टीच्या आईला हसू फुटलं, चार दिवसांत पहिल्यांदा. मग तिच्या वडिलांना. एकदा हसू आल्यावर भगताकडे कुणाला जाववेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आयुषला घेऊन दवाखान्यात गेले.

आबांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "पोरगं कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"घरी हाय. डाक्टर म्हनले फिटचा आजार हाय, गोळ्यांनी ताब्यात येईल." मग ती सतरंजीवर टेकली आणि तिचा आवाज खाली आला. दवाखान्यात पोराला मांडीवर घेऊन आपणच बसलो होतो, हेही तिने सांगितलं. नात लय हुशार हाय, पण मोठ्या माणसाला असं उलटं विचारतात का, याचा जाब मात्र कुणीतरी द्यायला हवा, असं तिचं म्हणणं पडलं. मी तिला चहा दिला. जाब कुणीच दिला नाही, आणि चहा पिऊन ती बरीच शांत होऊन गेली.

ती गेल्यावर आबांनी पेटीच्या गाठी सोडायला घेतल्या. सुतळी कापली नाही, नखाने एकेक गाठ सोडली. मी मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाले. शेवटची गाठ सुटल्यावर म्हणाले,

"आमच्या घरात गोष्टीचं एकही पुस्तक नव्हतं, लताबाई. भगत सांगायचा तेवढी एकच गोष्ट होती. ती रचलेली आहे, हे आम्हाला कळणार कसं?"

इतकी वर्षं मी सनीच्या या पुस्तकांना करमणूक समजत होते. आबांनी एका वाक्यात त्यांचं खरं काम सांगितलं. उडणारी शेळी वाचणाऱ्या पोराला पक्कं ठाऊक असतं की कुणीतरी बसून ती रचली आहे, मन लावून, नियम ठरवून, आणि आपल्यालाही रचता येईल. ज्याला रचता येतं त्याला दुसऱ्याचं रचलेलं ओळखता येतं. रिक्षावाल्याला मी परत पाठवलं.

पुढच्या रविवारी कपाट उघडं होतं. पोरं पुस्तकांवर तुटून पडणार, तेवढ्यात आबांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि स्वतः खुर्ची ओढून घेतली. म्हणाले, आज मी गोष्ट सांगणार आहे, मला येत नाही, सांभाळून घ्या. एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसाने आयुष्यात कधी काही रचलं नव्हतं. त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट होते.

"एक मुलगी होती," ते म्हणाले. "गोजरा नाव. मनमाडला राहायची. तिला कावीळ झाली."

मुलांना काही माहीत नव्हतं. मला होतं, म्हणून मी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं नीट लावायला लागले.

"मग तिला दवाखान्यात नेलं." आबा थांबले. पंखा तेवढा कुरकुरत होता. "आणि ती बरी होऊन घरी आली."

"मग पुढे काय झालं?" सृष्टीने विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्रेसष्ट वर्षांत त्यांनी तिथून पुढे कधी पाहिलं नसावं. पोरं वाट बघत होती, आणि हे श्रोते असे तसे सोडणारे नव्हते. "मग," आबा सावकाश म्हणाले, "मग ती शाळेत गेली."

याला आता आठ महिने झाले. एकही रविवार चुकलेला नाही. मधल्या काळात गोजरा मॅट्रिक झाली, रेल्वेत लागली, बाईला इंजिन चालवू देत नाहीत म्हणून तिने स्वतःचं इंजिन बांधलं. परवा ते इंजिन तिने रुळांवरून हवेत उचललं आणि मनमाडजवळच्या अंकाईच्या किल्ल्याला वळसा घालून आली. आयुष पहिल्या ओळीत बसला होता, गोळ्या नीट चालू आहेत, तब्येत चांगली आहे. त्याने विचारलं की ती आता केवढी आहे.

आबांना विचार करावा लागला नाही. "चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे ती."