बॅटरीचं पाणी

जळगाव जामोदला आमच्या अंगणात माझी स्पोर्ट्स कार उभी राहिली की ती गाडी कमी आणि तमाशा जास्त असते. पुण्यात जुनी घेतलेली, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल अशी. शेजारचे काका विचारतात, "हे बसाची गाडी हाय का लोळाची?" वडिलांना तीत बसवायचं तर खरंच लोळवावं लागतं. आठवड्यातून दोनदा मी त्यांना खामगावला डायलिसिसला नेतो. मागच्या खेपेला नांदुऱ्याजवळ इंजिन तापलं आणि आम्ही अर्धा तास उन्हात अडकलो. त्यांचे सुकलेले ओठ पाहून मी घाबरलो. उद्या पुन्हा जायचं होतं, म्हणून इंजिन गार ठेवणारं कूलंट बदलायला घेतलं.

पुढची चाकं फळ्यांवर चढवली, गार इंजिनखाली घमेलं सरकवलं, रेडिएटरचं खालचं बूच सैल केलं. गढूळ झालेलं हिरवं कूलंट पडू लागलं. ते लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावलं. चवीला गोड म्हणून कुत्री तोंड लावतात आणि मरतात. वडील खाटेवर बसून पाहत होते. हातात दिवसभराच्या पाण्याची बाटली. डॉक्टरांनी एकच लिटर आखून दिलेलं.

मग आतून धुवायला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी ओतलं. एक कॅन ओतला, सोडून दिला. दुसरा ओतला. वडिलांची नजर त्या वाहणाऱ्या पाण्यावर होती, हे मला पाठमोरा असूनही कळत होतं.

"बोअरचं काऊन नाही टाकत?" त्यांनी विचारलं.

"खारं हाय ते. गाडी आतून सडते."

आमच्या खारपाण पट्ट्यातलं पाणी ते जिभेवर ठेवून ओळखत. वांग्याला कुठल्या विहिरीचं मानवेल, मिरची कुठल्या पाण्यानं जळेल, सगळं पाठ. घरातल्या माणसांना काय मानवेल हे मात्र कुणी पाहिलं नाही. मीही नाही. गाडी घेतल्यापासून तिचं शुद्ध पाणी कधी चुकलं नाही, आणि घरी फिल्टर बसवायचं दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर गेलं. बसवला तो त्यांच्या किडन्या गेल्यावर. बैल गेला नि झोपा केला. डॉक्टर म्हणतात, पाण्यानंच झालं असं ठामपणे सांगता येत नाही. मला त्या वाक्याचा आधार वाटतो, आणि त्याचीच लाज वाटते.

नवं कूलंट भरलं, इंजिन चालू केलं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला.

"म्हंजे इले तू कधी खारं पाजलंच नाही?"

"नाही."

"बरं केलं. टिकन मंग."

टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण त्यांना खरंच बरं वाटलं होतं. त्यांनी बाटलीतून एक घोट घेतला आणि किती उरलं ते उजेडात धरून पाहिलं.